तुळशीपाशी वळलेली तार

"मॅडम, तुम्ही फक्त एवढंच सांगा, की आई इथं राहू शकत नाही. बाकी मी बघतो."

स्कूटी स्टँडला लावते न लावते तोच सुभाषनं मला हे ऐकवलं. तो नाशिकला कंपनीत सुपरवायझर. सिडकोत दुसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. आई-वडील दिंडोरीकडच्या मळ्यात. आई, म्हणजे जिजाबाई, दाराशीच घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन करून सांध्यातला गोळा बदलावा लागला. मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर मोकळे झाले, की पेशंटला पुन्हा चालायला शिकवणारी आणि त्याची बोलणी खाणारी.

जिजाबाईंना फ्लॅटवर न्यायचं चाललं होतं. वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते द्राक्षबाग सोडून हलणार नव्हते. लग्न झाल्यापासून ही दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. जिजाबाई खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्यांना च्या कोण देईल? ह्यांना साखरेचा डबा कोणता तेबी माहीत नाय." आणि पदर डोळ्यांना लावला.

सल्ला देण्याआधी घर बघायचं, ही माझी पद्धत. घर बघितलं आणि सुभाषचंच खरं वाटायला लागलं. दारासमोर त्यानं हौसेनं पॉलिश केलेली कोटा फरशी बसवून घेतली होती. वाकलं तर तोंड दिसावं, अशी. आणि जिजाबाई रोज पहाटे त्यावर सडा टाकायच्या. मातीच्या अंगणात पाणी मुरतं. या फरशीवर ते तसंच राहतं. पडणार नाहीत तर काय होणार! संडास अंगणाच्या पलीकडे, तोही उकिडवं बसायचा. गोळा बदललेल्या माणसाला उकिडवं बसू देत नाहीत, कारण सांधा निखळू शकतो. आणि खाटेपासून तिथपर्यंत धरायला काही म्हणजे काही नव्हतं.

ग्रॅब बार, म्हणजे भिंतीला पक्के बसवायचे धरायचे दांडे, तेव्हा मुंबईहून मागवावे लागत. ऑपरेशननं घरातली शिल्लक आधीच संपवली होती. मी आप्पांना सांगितलं, "दांडा कसलाही चालेल, पण हलता कामा नये. कुणी न धरता जिजाबाई खाटेपासून संडासापर्यंत गेल्या-आल्या, तर इथं राहतील. नाहीतर फ्लॅट. पुढच्या खेपेला येऊन बघते."

आप्पांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि बागेकडे चालते झाले. मला असा राग आला! अहो, बायकोचा प्रश्न आहे, निदान हं तरी म्हणा! सुभाष म्हणाला, "बघितलंत? हे असंच. पाण्याचा तांब्या कधी स्वतःच्या हातानं घेतला नाही."

पुढच्या खेपेला गेले, तर मळ्यातली माणसं अंगणात गोळा होऊन पोट धरून हसत होती. आप्पांनी गुडघा वाकू नये म्हणून डाव्या पायाला बांबूची कामटी बांधली होती. कमरेत वाकून, पाय ओढत, एक हात पुढे करून ते अंगणातून चालले होते. जिजाबाई दाराजवळच्या खाटेवरून ओरडत होत्या, "आवं, पडाल! एक मोडली ती पुरे नाय का? लोकं हसतात!"

"हसू दे. तुझा हात कुठवर पोचतो ते बघू दे मला."

मग मला दिसलं. आप्पांनी पूर्वी एक जुनी द्राक्षबाग काढून टाकली होती. तिच्या मांडवाचे लोखंडी अँगल त्यांनी अंगणात जवळजवळ रोवले होते, खाली सिमेंट भरून. त्यांतून मांडवाचीच तार पार खाटेपासून संडासापर्यंत ताणून नेली होती. हाताला लागू नये म्हणून ठिबकची जुनी नळी उभी चिरून तारेवर चढवलेली. मी तारेवर सगळा भार टाकला. ती हलली नाही.

"घडांनी भरलेला मांडव पेलते ती, मॅडम. तुमचं काय घेऊन बसलात!"

माझं वजन तेव्हाही मांडवापेक्षा फार कमी नव्हतं, तो भाग वेगळा. संडासात अँगलचंच, मधे मोकळं ठेवलेलं भक्कम स्टूल होतं. आणि दारातली फरशी? छिन्नीनं पाट्याला टाकी लावणारी बाई बोलावून तिच्याकडून ती ठोकून घेतली होती. पाट्यासारखीच खरखरीत झाली होती. सुभाषनं डोक्याला हात लावला. "आप्पा, माझी फरशी!"

"तुझी फरशी. माझी बायको."

चारचौघांत हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नसावेत. जिजाबाईंनी पदरात तोंड लपवलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तार संडासाकडे सरळ न जाता तुळशीला वळसा घालून गेली होती. "आप्पा, हे काय? उगाच चाल वाढवलीत."

"उठली की आधी तुळशीम्होरं उभी राहाती. अंघोळीआधी शिवत नाय, पण हात जोडल्याबिगर कुठं जात नाय. तार सरळ नेली असती, तर तार सोडून तिकडं गेली असती. तुम्ही कितीबी सांगा, ऐकायची नाय."

जिजाबाई बघतच राहिल्या. "ह्यांना कसं माहीत? तवा तर हे झोपलेले असतात."

"डोळे मिटलेले असतात," आप्पा म्हणाले.

म्हणजे सगळा संसारभर हा माणूस अंथरुणात पडून तिची पावलं ऐकत होता!

जिजाबाई उठल्या. एका हातात काठी, दुसरा तारेवर. हसणारे बाजूला सरकले. तुळशीपाशी त्या थांबल्या आणि मला कळलं, की तिथं तार दुहेरी आहे. एक पुढे, एक पाठीशी. हात जोडायचे तर दोन्ही हात सुटणार, हे आप्पांनी आधीच गृहीत धरलं होतं! जिजाबाईंनी काठी पुढच्या तारेला अडकवली, पाठ मागच्या तारेला टेकली आणि हात जोडले. मग संडासाला जाऊन, कुणाचाही आधार न घेता परत आल्या.

सुभाष हळूच म्हणाला, "मॅडम, आता काय सांगायचं आईला?"

"राहू शकतात, असं सांग."

त्या राहिल्या. काही वर्षांनी आप्पांचेही गुडघे गेले. मी बघायला गेले, तर तेही तीच तार धरून चालत होते, पण फार वाकून. जिजाबाई ठेंगण्या, तार त्यांच्या मापाची. मी म्हटलं, "आप्पा, तार थोडी वर घ्या की."

"नको. तिचा हात पोचायचा नाय."

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले, की मापाची टेप काढण्याआधी मी विचारते, सकाळी उठल्यावर हे पेशंट आधी कुठं जातात? आणि हा प्रश्न पेशंटला विचारत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारते.