पाठीवरच्या जास्तीच्या ओळी

१९५६च्या हिवाळ्यात नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं आणि मला पांढुर्ण्याच्या शाळेत नोकरी लागली. माझ्या पाठीला लहानपणापासून कुबड. कुठलाही स्वेटर मागून वर चढायचा आणि माझा डावा हात सतत त्याला खाली ओढत असायचा. फळ्यावर लिहायचं तर वर्गाकडे पाठ करावी लागेल, ही धास्ती घेऊनच मी नागपूरला इटारसीच्या गाडीत बसले.

समोर एक प्रौढ बाई पान चघळत करड्या लोकरीचा स्वेटर विणत होती. ओळ अर्ध्यातच सोडायची, सुया फिरवायची आणि परत यायची.

"ओळ राहिली तुमची," मी म्हटलं.

"राहिली नाही, मीच परतून राहिली. आमच्या घरच्यांची पाठ वाकली ना आता. तेवढ्याच जागी जास्तीच्या ओळी टाकल्या का स्वेटर मागून वर चढत नाही."

मग तिनं माझ्या मागं गेलेल्या हाताकडे पाहिलं. लोक पाहतात तसं चोरून नाही, सरळ.

"पाठ तुझी ठीक आहे माय. विणणाऱ्यानं स्वेटरच आखूड केला."

मला एकदम हसूच फुटलं. पांढुर्णा येईपर्यंत तिनं ते परतणं मला शिकवलं, चुकले की बोटांवर चापट मारून. नाव विचारायचं राहिलं आणि गाडी तिला घेऊन इटारसीकडे गेली.

माझा स्वेटर उसवून मी पुन्हा विणला. तो घालून वर्गाकडे पाठ केली आणि फळा भरभरून लिहिला. डाव्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. त्यात मी डस्टर धरलं.