पाठीचा गडी

भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची पहिली मोटरसायकल मी अमावस्येला घरी आणली, कारण त्या दिवशी शोरूमला गर्दी नव्हती. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी इन्स्पेक्शनला आहे. ओतून आलेला तुकडा मापात आहे की नाही ते बघायचं आणि सही करायची, एवढंच माझं काम. मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही. पण खाली जे लिहिलंय ते मी स्वतः मोजलंय... आणि तरी त्यावर सही कशी करायची ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही फुलेवाडीत राहतो. मी, माझी बायको सरिता आणि माझे वडील, आबा. आबा चौऱ्याऐंशीचे आहेत. कमरेचे मणके झिजलेत. वॉकर धरून घरातल्या घरात हिंडतात, पण आधाराशिवाय पाच मिनिटं बसवत नाही. जेवताना पाठीला दोन उश्या द्याव्या लागतात. रोज पहाटे मी त्यांच्या पाठीला महानारायण तेल चोळतो, ते तासभर मुरू देतो आणि मग आंघोळ घालतो. त्या तेलाचा वास इतका उग्र आहे की कितीही साबण लावला तरी माझ्या हातांचा जात नाही. कंपनीतली पोरं म्हणतात, "साहेब गेटात शिरले की आम्हाला कळतंय."

माझा थोरला भाऊ, दादा, कॅनडात असतो. तिकडच्या पश्चिमेकडच्या डोंगरात एक लहान गाव आहे, तिथल्या लाकडाच्या कारखान्यात तो मशीन दुरुस्तीचं काम करतो. गेली काही वर्षं त्याला शिकारीचा नाद लागलाय. तिकडे ते कायद्यात बसतं. परवाना काढायचा, परवान्यावर लिहिलेलं जनावर तेवढंच, आणि ठरावीक महिन्यांतच. आपल्याकडे बंदी आहे आणि ती असावी, असं माझं मत आहे. पण माझ्या मताला आमच्या घरात कोण विचारतो?

कारण आबाही एके काळी शिकारीतले. बंदी यायच्या आधी, तरणे असताना, ते गगनबावड्याकडच्या एका इनामदारांबरोबर रानात जायचे. बंदूक इनामदारांकडे. आबा त्यांचे 'पाठीचा गडी'. हाकारे आरडाओरडा करत एका बाजूने रान उठवत यायचे, बंदूकवाला त्यांच्याकडे तोंड करून बसायचा, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, उलट्या दिशेला तोंड करून, कुऱ्हाड घेतलेला हा गडी. अस्वल कधी कधी हाक्याला फसत नाही, वळसा घालून मागून येतं. ते बघायचं काम याचं. आणि एकच नियम: बंदूक वाजो, जनावर पडो, पाठीच्या गड्यानं वळून बघायचं नाही. आबा अजून सांगतात, "शंभर येळा बार ऐकला. पर एक जनावर पडताना बगितलं न्हाय." हे ते तक्रारीने सांगत नाहीत. छाती काढून सांगतात.

दर रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल येतो. आठवडाभर हूं की चूं न करणारे आबा त्या दिवशी स्वतःहून टोपी मागतात. दादा हरणाची शिंगं दाखवतो, बर्फ दाखवतो, शेजारच्या शोभाकाकूही येऊन बघतात. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "थोरला बंदूकवाला, धाकटा फूटपट्टीवाला! एकाच आईची दोन लेकरं, बगा की." सगळे हसले. मीही हसलो. आबांचा पाय त्या वेळी माझ्या मांडीवर होता, मी नखं कापत होतो.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराचा कॉल मला चांगला आठवतो. दादा खुशीत होता.

"आबा, यंदा हरणाबरोबर काळ्या अस्वलाचं पण लायसन काढलंय!"

आबांनी विचारलं, "पाठीला कोण?"

"आँ?"

"तुज्या पाठीला कोण हाय, म्हंतो मी."

"कोण न्हाय आबा. हितं एकटंच जात्यात. जीपीएस असतोय, अस्वलाला पळवायचा स्प्रे असतोय..."

"मशीन मागं बगतंय व्हय?"

दादा खदखदून हसला. आबा हसले नाहीत. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "थोरला उघड्या पाठीनं जातोय रं." मी म्हटलं, "तो पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आबा, त्याचं तो बघेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्याला एकटं पाठवलंय.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुरू झालं.

सकाळची वेळ. तेल चोळून मी पाण्याचा बंब बघायला गेलो आणि परत आलो तर आबा पलंगावर नाहीत. मागच्या दारी बघतो तर पेरूच्या झाडाकडे तोंड करून स्टुलावर बसलेले. साधं लाकडी स्टूल, पाठ टेकायला काही नाही. मागे भिंत नाही, खांब नाही, मोकळं अंगण. आणि आबा मागे रेललेले होते. खुर्चीला रेलावं तसे, निवांत. हात मांडीवर, नजर समोर.

मी धावलो. पडतील म्हणून मागून धरणार, तर म्हणाले, "गप. बोलू नगंस."

मी शेजारी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. पाऊण तासानंतर ते आपसूक पुढे झाले, म्हणाले, "झालं आजचं," आणि पुन्हा कमरेत मोडले. तिथून आत न्यायला मला सरिताची मदत घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सरिता घाबरली. "अवो, डाक्टरास्नी बोलवूया." डॉक्टर आले, म्हणाले, या वयात स्नायू आखडतात. मी त्यांना बावीस अंश म्हणजे किती ते करून दाखवलं. हो, मी मोजलं होतं. कंपनीतून अँगल मोजायचं साधन आणलं, आबांच्या पाठीला लावलं. बावीस. मग मी स्वतः त्या स्टुलावर बसून तेवढाच मागे झालो. मिनिटभरात पोट थरथरायला लागलं आणि मी मागे आपटलो. आबांचं पोट मात्र सैल होतं. मी हात लावून बघितलं.

आणखी एक. त्यांच्या बंडीच्या पाठीवरच्या चुण्या दाबल्या गेलेल्या होत्या. आपण बसमध्ये सीटला टेकलो की कापड जसं सपाट होतं, तसं. त्या सपाट जागेमागे मी हात घातला. हात आरपार गेला, काही लागलं नाही. फक्त गार होतं. फ्रीज उघडल्यावर येतो तसा गारवा, ऑक्टोबर हीटमध्ये.

तेव्हा मला कळलं. कळलं म्हणजे काय... हिशोब लागला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ. दादा संध्याकाळी रानात बसतो. आबा त्याच्या पाठीला जात होते.

आता खरं सांगतो. भीती वाटायला हवी होती, पण वाटली ती जळजळ. या माणसाला मी उचलतो, बसवतो, धुतो. रात्री तीनदा उठतो. आणि ज्या पाठीवर मी वर्षानुवर्षं तेल चोळतोय, ती पाठ हे रोज सकाळी सात समुद्रांपलीकडे, वर्षाला एकदा चॉकलेटचा डबा पाठवणाऱ्याला देऊन येतात!

एका सकाळी मला राहवलं नाही. स्वयंपाकघरातलं दुसरं स्टूल आणलं, आबांच्या मागे ठेवलं आणि पाठीला पाठ लावून बसलो. क्षणभर त्यांच्या पाठीची ऊब लागली. लगेच कोपर बसलं.

"तू न्हवं," आबा म्हणाले. "सरक."

मी सरकलो. स्टूल जागेवर ठेवलं. त्या दिवशी कंपनीत मी एकही तुकडा पास केला नाही.

दादाला यातलं मी काहीच सांगितलं नाही. सरिता म्हणत होती, कळवा. मी म्हटलं, उगाच काळजी करेल. खरं कारण वेगळं होतं. 'आबा माझ्यासाठी येतात' म्हणून तो आणखी चार इंच उंच झाला असता, आणि ते मला बघवलं नसतं. पण आता वाटतं, माझ्या या जळण्यामुळेच पुरावा स्वच्छ राहिला. पुढचं घडेपर्यंत दादाला आबांच्या बसण्याची काही म्हणजे काही कल्पना नव्हती.

दिवस पुढे सरकले तसं आबांचं बसणंही रोज थोडं लवकर होत गेलं, कारण तिकडे सूर्य लवकर मावळायला लागला होता. मधल्या काही सकाळी ते उठलेच नाहीत. त्या संध्याकाळी दादाही रानात गेला नव्हता, हे मी नंतर त्याला विचारून ताडून पाहिलं.

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती. सरिता आत चकल्या पाडत होती, मी आबांपासून हाताच्या अंतरावर दात घासत उभा होतो. आबा नेहमीसारखे रेललेले. एकदम त्यांची मान ताठ झाली. आणि ते उठले. वॉकर नाही, हात नाही, दीड वर्षात जो माणूस स्वतःच्या बळावर उभा राहिलेला नव्हता तो ताडकन उठला, गर्रकन वळला आणि मोकळ्या अंगणाकडे तोंड करून, दोन्ही हातांत कुऱ्हाड असावी तसे हात वर करून उभा राहिला. डोळे पेटलेले.

मग गुडघे गेले. मी खाली पडू दिलं नाही.

माझ्या अंगावर भार टाकून ते म्हणाले, "फिरलो रं. जल्मात पयल्यांदा फिरलो." आणि लहान मुलासारखे रडले.

तासाभराने दादाचा फोन. रविवार नव्हता.

"संज्या, मेलो असतो रं आज."

त्याने हरणाला गोळी घातली होती. गोळी लागल्यावर जनावराच्या मागे लगेच जात नाहीत, थोडा वेळ थांबतात. म्हणून तो त्याच्या नेहमीच्या जागी बसून राहिला. "तितं एक बुंदा हाय. सगळा सीझन त्येलाच पाठ टेकून बसतोय मी. आज काय झालं, मी मान खाली घालून चाकूला धार लावत हुतो, तर बसल्या बसल्या बुंदा उठला."

"उठला म्हणजे?"

"उठला म्हंजे उठला! पाठीचा आधारच गेला. मी मागं उताणा पडलो बर्फात. आन् मान वर करून बगितलं तर समोर अस्वल. आपल्या मागल्या दारातनं पेरूचं झाड दिसतंय की, तेवढ्यावर. काळं न्हवं, तपकिरी, मोठं. बंदुकीचा आवाज ऐकला की येत्यात ती, हरणाच्या वासानं. परवान्यातलं न्हवंच ते."

त्याने स्प्रे मारला, ओरडत ओरडत खाली सरकला. अस्वल हरीण घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी सोबत दोघांना घेऊन तो जागेवर गेला. तिथे बुंधा नव्हता. त्याने फोटो पाठवला, तो माझ्याकडे आहे. त्याच्या बसण्याचा दाबलेला बर्फ स्पष्ट दिसतो. त्याच्या मागे कोरा, सपाट बर्फ.

मग मात्र मी सगळं सांगितलं. स्टूल, बावीस अंश, कुऱ्हाडीसारखे हात. त्यानंतर त्याने ते जगाला सांगितलं, शोभाकाकू नारळ घेऊन आल्या, आबांच्या पाया पडल्या. दादाने तो सीझन तिथेच सोडला. आबाही पुन्हा स्टुलावर बसले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "फिरल्याला गडी पुन्ना घेत न्हाईत."

एकदा तेल लावताना मी विचारलंच. "आबा, माझ्या पाठीला कोण?"

थोडा विचार करून म्हणाले, "तुज्या मागं काय येतंय? बाजारातली म्हस?" आणि स्वतःच हसत सुटले.

डॉक्टरांना विचारलं, कंपनीतल्या शिकलेल्या माणसांना विचारलं. योगायोग म्हणतात. बावीस अंशांचा योगायोग मला पटत नाही, आणि दुसरं काही मांडताही येत नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर कळवा.

एक गोष्ट मात्र दादाला सांगितलेली नाही. त्या सकाळच्या पहिल्या फोनवर शेवटी त्याने विचारलं होतं, "त्या बुंद्याला एक वास यायचा रं, संज्या. उग्र, तेलकट. घरी आल्यावर जॅकेटला पण यायचा. वळखीचा वाटायचा, पर आटवंना. कशाचा असंल?"

माझ्या बोटांना त्या वेळीही तोच वास होता.

मी म्हटलं, "काय माहीत. तिकडच्या झाडांचा असेल."

इथे लिहायला हरकत नाही, दादाने मराठी वाचणं कधीच सोडलंय. तेल मी रोज चोळतो. पूर्वीपेक्षा जरा जास्तच घेतो.