देवीच्या काठाची तीट

सुरतेच्या लिंबायतमध्ये भागीरथी म्हणून विचारलं तर लोक दहा भागीरथ्या दाखवायचे. 'पंचिंगवाली' म्हटलं की मात्र पानटपरीवाला सरळ तिच्या दाराशी आणून सोडायचा.

साडीचा काठ मागावर आपोआप उमटत नाही. तो आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. मग एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड घेऊन त्यात भोकं पाडतात. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशी तीन-चारशे कार्डं दोरीनं एकमेकांना शिवून, त्यांची माळ मागावर चढवली की काठ विणला जातो. माळ फिरत राहते आणि काठ पुन्हा पुन्हा येत राहतो. हे भोकं पाडायचं काम, म्हणजे पंचिंग, भागीरथी घरी बसून करायची. पारोळ्याला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई. गणिताच्या वहीतली चौकट तिला तेव्हापासूनच आवडायची.

तिची एक सवय होती. प्रत्येक काठात ती एक भोक जास्तीचं पाडायची. कोयरीच्या गालावर तिळाएवढा ठिपका यायचा, विकत घेणाऱ्याला तो दिसायचाही नाही. लेकराला जशी तीट लावतात तशी काठाला. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. हे फक्त तिला ठाऊक होतं आणि तिच्या नवऱ्याला, उखाला. उखा मागावरच कामाला होता. वीस वर्षं त्या खटखटाटात राहून त्याचे कान गेले होते. तोंडाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं कळायचं. पण मागाच्या लाकडावर नुसता तळवा टेकवला की कुठला धागा तुटायला आलाय ते तो सांगायचा.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या श्रावणातली.

उखाचा चुलतभाऊ ललित रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये एका एजन्सीत होता. एजन्सी म्हणजे व्यापाऱ्यांच्या साड्या बाहेरगावच्या दुकानदारांना लावून देणारे मध्यस्थ. एका दुपारी तो एका उंच गोऱ्या बाईला घेऊन भागीरथीच्या दारात आला.

"वहिनी, पार्टी आणलीय," तो म्हणाला. मार्केटात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. "नॉर्वेची आहे. यांचीपण एजन्सी आहे. आर्टिस्ट लोकांची."

शेजारची मालतीबाई तांदूळ निवडता निवडता उठून आली. "नवापूरची? मग एवढी गोरी कशी गं?"

"नवापूर नाही मावशी, नॉर्वे. तिकडे बर्फ असतो."

सुरतेत आर्टिस्ट म्हणजे साडीचं डिझाइन काढणारा. त्यामुळे भागीरथीचा सरळ समज झाला की ही बाई डिझाइनं विकणाऱ्यांची दलाल आहे. तिनं चटई अंथरली, पाणी दिलं आणि नव्या काठांचे कागद पुढे ठेवले. बाईचं नाव सिल्ये होतं. मालतीबाईनं पहिल्याच झटक्यात तिचं शिल्पाबेन करून टाकलं आणि पुढे सगळे तेच म्हणू लागले.

शिल्पाबेननं कागदांकडे पाहिलंही नाही. तिची नजर भिंतीकडे गेली होती. तिथे खिळ्याला लाल दोऱ्यात बांधलेली एक कार्डांची माळ होती, वर हळदीकुंकू लावलेली.

"ते नाही," भागीरथी म्हणाली. "ते देवीचं आहे."

तीन वर्षांपूर्वी सुरतेत प्लेग आला होता. अर्धं गाव रातोरात पळालं. तेव्हा उखाला ताप भरला होता. तो प्लेग होता की साधा ताप, कुणालाच कळलं नाही, विचारायला डॉक्टरही उरला नव्हता. भागीरथीनं सप्तशृंगीला बोलून ठेवलं, माणूस उठला तर माझ्या हातचा काठ नि त्याच्या हातचं लुगडं तुला नेसवीन, आणि तो काठ दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊ देणार नाही. उखा उठला. दोघांनी सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं लुगडं विणलं, वणीला जाऊन चढवलं. तेव्हापासून ती तीनशे चौऱ्याऐंशी कार्डं खिळ्यावर होती. दोन व्यापारी तो काठ मागून गेले होते. भागीरथीनं दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं होतं.

शिल्पाबेन ललितशी बराच वेळ बोलली. ललितचं इंग्रजी बिलाच्या पुस्तकाएवढं. तो मान डोलवत राहिला, मग वळला.

"वहिनी, यांचा एक आर्टिस्ट आहे. त्याला हीच कार्डं पाहिजेत. तो कार्डं खेळणार आहे."

"काय करणार?"

"खेळणार. प्ले. ती तेच म्हणते, प्ले करणार. आणि मग पार्टीत, खूप माणसं जमतात तिथे."

मालतीबाईच्या हातातलं सूप थांबलं. "पत्ते? श्रावणात जुगार?"

"देवीच्या काठावर जुगार खेळतात का कुणी, ललितभाऊ?" भागीरथीला राग आला नव्हता, पण तिला काहीच कळेना. तीनशे चौऱ्याऐंशी पानांचा कसला डाव, नि पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, तर गिऱ्हाइकात खूप माणसं कशी जमतील? "त्यांना सांगा, आमच्यात असं चालत नाही."

ललितनं काय सांगितलं देव जाणे. शिल्पाबेन चपापली, मग हसली. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि पिठाचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. चटईवर एक साधं कार्ड पडलं होतं, ते उचललं. एकेका चौकटीवरून बोट फिरवत गेली. भोक आलं की डब्यावर टकटक, नाही आलं की गप्प. भोक, भोक, गप्प, भोक, गप्प, गप्प.

कोपऱ्यात उखा भाकरी खात बसला होता. तो घास हातात धरून तिच्या बोटाकडे बघत राहिला.

"हा तर ठेका झाला," मालतीबाई म्हणाली. "भजनातल्यासारखा."

"गाणं आहे ते," ललित म्हणाला, आणि त्याच्याही तोंडावर पहिल्यांदाच काही समजल्यासारखं दिसलं. "मशीनवर वाजवतात. हिची एजन्सी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची आहे. साडीची नाही."

"मग तू आणलंस कशाला इथे?" मालतीबाईनं विचारलं.

"आर्टिस्ट पाहिजे म्हणाली, आर्टिस्टकडे आणलं," ललित म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं.

भागीरथीनं उठून खिळ्यावरची माळ काढली. द्यायला नव्हे, नुसती दाखवायला. शिल्पाबेन ती हळूहळू उलगडत, डब्यावर वाजवत गेली. पाऊण तास लागला. दोनशे सातव्या कार्डावर तिचं बोट थांबलं. तिनं ते भोक दाखवलं, मागचं कार्ड दाखवलं, पुढचं दाखवलं. इथे भोक नको होतं ना?

आजवर कुणाला ते सापडलं नव्हतं. भागीरथीला सांगायचं होतं, पण शब्द कुठून आणणार? तिनं कोनाड्यातली काजळाची डबी घेतली, बोटाला काजळ लावलं आणि शिल्पाबेनच्या गालावर एक टिकली ठेवली. ललित म्हणाला, "नजर, नजर." शिल्पाबेननं गालाला हात लावला, पण टिकली पुसली नाही. जातानाही तशीच गेली.

"उद्या सांगते," भागीरथीनं ललितला सांगितलं होतं.

संध्याकाळी दिवा लावून तिनं देवीच्या तसबिरीला कौल लावला. ओल्या जास्वंदीच्या पाकळ्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर द्यायचं, डावी पडली तर नाही. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, पाकळ्या दोन्ही चिकटूनच. तिनं नमस्कार केला आणि म्हटलं, आई, तुलाही कळेनासं झालं का? बोलले होते अंगावर जाऊ देणार नाही म्हणून. हे तर अंगावर जातच नाही. कानात जातं. कानातला काठ म्हणजे काय, ते मी नवसात बोललेच नव्हते.

तिनं उखाच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो घरात अहिराणीच बोलायचा. तो म्हणाला, "देवीले बी कान शेतस."

देवीलाही कान आहेत. एवढंच. पण भागीरथीच्या मनात ते बसलं. देवीला कानानं घेता येईल असा काठ आजवर कुणी दिला असेल का?

दुसऱ्या दिवशी तिनं माळ धुतलेल्या पातळात गुंडाळून दिली. त्याबद्दल काही घेतलं नाही. फक्त एक अट घातली. "ललितभाऊ, नीट सांगा. दोनशे सातचं ते भोक बुजवायचं नाही. तीट काढली तर काठ उघडा पडतो. देवीचा काठ आहे, त्याला काही झालं तर माझ्या शब्दाला लागेल."

ललित बराच वेळ बोलला. शिल्पाबेन एकच शब्द बोलून, दोन्ही हात जोडून निघून गेली. एवढ्या बोलण्याला एकच शब्द कसा पुरला, हे भागीरथीच्या मनात राहून गेलं.

माघात शिल्पाबेनची कॅसेट आली, सोबत चिठ्ठी. ललितनं दारातच वाचली. "तुमचं नाव छापलंय वहिनी, बघा. बागीराटी. आर्टिस्ट बागीराटी."

"ते राहू द्या. तिटेचं काय लिहिलंय?"

ललितचं बोट ओळीवरून दोनदा फिरलं. "त्या दोनशे सातव्या भोकाचं लिहिलंय. फिक्स केलं म्हणते."

"फिक्स म्हणजे?"

"फिक्स म्हणजे पक्कं. मार्केटात भाव फिक्स म्हणतो ना आपण. कायम ठेवलं."

तेवढ्यात मालतीबाईची सून वर्षा पाण्याची कळशी घेऊन आली. ती बारावी झालेली. "काका, फिक्स म्हणजे दुरुस्त. आमच्याकडे पंखा बिघडला तर मेकॅनिक फिक्स करून देतो. म्हणजे चूक होती ती काढली."

"पक्कं."

"दुरुस्त."

"अगं पण मी मार्केटात आहे!"

"आणि मी इंग्रजीत पास आहे."

भागीरथी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. एकाच शब्दात तीट राहते आणि त्याच शब्दात पुसली जाते, अशी कसली ही भाषा? तिनं डोळे मिटून आईचं नाव घेतलं. मग म्हणाली, "वाजवून बघू."

मालतीबाईच्या घरून टेपरेकॉर्डर आला. त्या दिवशी वीजकपातीची सुट्टी होती, गल्लीतले माग बंद होते, म्हणून सेल घालून लावला. आधी बराच वेळ गुणगुण ऐकू आली, रिकाम्या कळशीत वारा शिरल्यासारखी. मग ठेका सुरू झाला. त्यात गाणं नव्हतं, शब्द नव्हते, चाल म्हणावी तर तीही नव्हती. ठोके पडत होते, पडत नव्हते, मध्येच पाणी ठिबकल्यासारखं काही. मालतीबाई म्हणाली, "बिघडलाय का टेप?" भागीरथी कान देऊन ऐकत होती. दोनशे सातवं कार्ड कधी आलं नि कधी गेलं, तिला काही लागेना. जिच्या हातानं प्रत्येक भोक पाडलं तिलाच ते ऐकून ओळखता येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

उखा उठून आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. टेपरेकॉर्डरपुढे मांडी घातली आणि जाळीवर तळवा टेकवला, मागाच्या लाकडावर टेकवायचा तसाच. डोळे मिटले. कॅसेट फिरत राहिली. बऱ्याच वेळानं त्याचं मधलं बोट उचललं गेलं.

"आठे," तो म्हणाला. इथे. "आठे तुनी तीट शे."

ललित हसला. "दादाला ऐकू येत नाही आणि..."

"गप्प बसा," भागीरथी म्हणाली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा लक्षात ठेवला. माळ फिरत असते, काठ पुन्हा येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? खरंच तीट असेल तर फेऱ्याला एकदा यायला हवी, मागं नाही, पुढं नाही. चार मिनिटं झाली. उखाचं बोट उचललं. आणखी चार मिनिटं. पुन्हा उचललं. तिसऱ्यांदाही बरोबर चार मिनिटांनीच. उखाचे डोळे तोवर एकदाही उघडले नव्हते आणि घड्याळ त्याच्या पाठीमागे होतं.

कॅसेटची बाजू संपून बटण वर आलं. तरी त्यानं हात काढला नाही.

"काय मग, काय निघालं?" मालतीबाईनं विचारलं. "पक्कं की दुरुस्त?"

"तीट आहे," भागीरथी म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले, उठली, आणि तसबिरीसमोर हळदीकुंकू घेऊन आली. कॅसेटीला कुंकू लावायचं की टेपरेकॉर्डरला, तिला क्षणभर सुचेना. शेवटी तिनं ते उखाच्या तळव्याला लावलं.

"पण गाणं कुठं होतं त्यात?" वर्षा म्हणाली.

"ते मलाही नाही कळलं गं," भागीरथी म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूला लावायला म्हणून कॅसेट उलटी करू लागली.