दाव्यासकट दिलेला खेळ

पुण्याच्या कंपनीने माझा मोबाइलवरचा खेळ विकत घेतला, तेव्हापासून शहाद्यात मी हुशार माणूस म्हणून ओळखला जातो. चहाच्या टपरीवर लोक सरकून जागा देतात. "पुनावालासले तू बराच महाग पडना भो!" असं म्हणून पाठीवर थाप मारतात. मी हसतो. खरं काय घडलं ते सांगायला गेलो, तर चहाचे पैसे मलाच द्यावे लागतील.

माझे वडील बैलांचे व्यापारी. शहाद्यापासून अक्कलकुव्यापर्यंतचे बाजार त्यांनी पायाखाली घातले होते. समोरच्याने पहिला भाव सांगितला की बैलाकडे नाही, आभाळाकडे बघायचं, हे त्यांनी मला शिकवलं. दुसऱ्या भावाला विडी पेटवायची. आणि सौदा झाला, की बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं आधी सोडून घ्यायचं. घेणाऱ्याने त्याचं आणावं. "जनावर दिलं, गोठा नाही दिला," म्हणायचे. आमच्या कळसाडीच्या घरात खुंटीवर अजून तशी आठ-दहा जुनी दावी लोंबताहेत. मला वाटायचं, ही म्हाताऱ्याची खोड आहे.

मी बैल विकले नाहीत. डिप्लोमा अर्धवट सोडून अक्कलकुव्यात हायवेलगत रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक नसायचं तेव्हा तिथेच बसून प्रोग्रॅमिंग शिकलो. मग आमच्याकडे बाया दुपारी ओट्यावर खडूने घरं आखून, चिंचोके टाकून जो पट खेळतात, तो मोबाइलवर आणला. चार गावांत बसलेली चार माणसं एकत्र खेळू शकतील असा. पहिले तीन महिने चार खेळाडू नियमित येत होते. एक माझी बायको आणि उरलेले तीन म्हणजे तीन वेगवेगळ्या फोनवरून मी.

खेळ चालला तो मायमुळे. ती शेजारी बसून माझी सोंगटी मरताना बघायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. एक दिवस मी खिडकीवर गोधडी टाकली, पंखा बंद केला आणि तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. सोंगटी मेली, की "मरी गयी तुन्ही सोंगटी, आते बठ घर!" कोणी चाल करायला वेळ लावला, की "चाल ना भो, झोपी गया का?" हरणाऱ्याला "हारना ना? चहा पी अनि परत ये." मध्येच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तीही तशीच राहू दिली.

त्यानंतर सुरतेत, नाशकात, पुण्यात नोकरीला गेलेली आमच्याकडची माणसं नुसती तिचे टोमणे खायला यायला लागली. जिंकणारे कमी आणि मुद्दाम हरणारे जास्त. मी शहाद्याला खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या, दोन मुली कामाला ठेवल्या आणि बाहेर पाटी लावली.

मग कंपनी आली. एक मॅडम आणि एक वकील. एसी नसलेल्या खोलीत घाम पुसत मॅडम म्हणाल्या, "सर, आम्ही तुमचा खेळ विकत घेत नाही आहोत. आम्ही तुमच्या प्रवासात सहभागी होतो आहोत."

"तिकीट कोणाचं?" मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. मी आभाळाकडे, म्हणजे गळक्या छताकडे बघितलं. त्यांनी आकडा वाढवला. मी विडी ओढत नाही, म्हणून लॅपटॉप धाडकन मिटला. मग हैदराबादच्या एका कंपनीचा फोन येऊन गेल्याचं सांगितलं. ती कंपनी जगात कुठेच नव्हती. मॅडमनी वकिलाकडे बघितलं, वकिलाने पाणी मागितलं आणि माझा आकडा मान्य झाला. वर दोन वर्षं मला सल्लागार म्हणून ठेवायचंही ठरलं. त्या क्षणी मला वाटलं, वडील असते तर त्यांनी टोपी काढली असती.

तेवढ्यात वकिलाने शेवटचं पान पुढे सरकवलं. चित्रं, पात्रं, आवाज, सगळं कायमचं कंपनीचं. "किंमत तुमची मान्य केली, सर," तो गरीब चेहरा करून म्हणाला. "एवढं एक आमचं मान्य करा."

भाजीवाली खूश झाली, की पिशवीत वर मूठभर कोथिंबीर टाकते. मी तसाच खूश होतो. "घ्या," म्हटलं, "तेही घ्या." आणि मायचा आवाज कोथिंबिरीच्या भावात देऊन टाकला. वाढवलेला आकडा ते पुण्याहूनच खिशात घालून आले होते आणि खरं काम त्या शेवटच्या पानाशीच होतं, हे कळायला मला पुढचे तीन महिने लागले.

माय रोज दुपारी जेवण झालं, की खाटेवर बसून तोच खेळ खेळायची. स्वतःचे टोमणे स्वतः ऐकून हसायची. एका दुपारी खेळाचं नवं रूप आलं. तिची सोंगटी मेली आणि फोनमधून कुणी मुलगी साखरेत घोळून म्हणाली, "अरेरे! पुन्हा प्रयत्न करा!"

मायने फोन उलटा करून बघितला. "हाई कोन शे?" तिने मला विचारलं. "अनि मी कोठे गयी?"

मी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, आपण जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून भाषा जरा स्वच्छ केली."

"आमची भाषा घाण होती का?"

"तसं नाही, सर."

"मग आईचा आवाज परत द्या. मी दुसरा खेळ करतो."

"तो आता कंपनीच्या मालकीचा आहे, सर. दुसरीकडे वापरता येणार नाही."

मी कंपनीचा सल्लागार होतो, पण तोवर मला कोणी एकही सल्ला विचारला नव्हता. त्या दिवशी मी न विचारता भरपूर दिला. बायकोने उठून आधी दार लावलं, मग खिडकी.

माय ओरडली नाही. तिने खुंटीवरच्या दाव्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "दावं बी दी टाकं का रे, पोऱ्या?" त्यानंतर तिने तो खेळ उघडला नाही. फोन चार्जिंगला लावणंही तिने सोडून दिलं. दुपारी नुसती खाटेवर पडून राहायची. मला त्या आकड्यातलं एकेक शून्य टोचत होतं.

पाच-सहा महिन्यांनी मॅडमचा फोन आला. आता त्याही साखरेत घोळलेल्या. खेळाडू खेळ सोडून चालले होते आणि जाताना "आजीला परत आणा" असं लिहून जात होते. कंपनीला आजी परत हवी होती. तोच वकील जुने कागद घेऊन बसला, तेव्हा त्याला दिसलं, की ज्या बाईचा आवाज आहे तिची सही कुठेच नाही. मी जे माझं नव्हतं ते विकलं होतं आणि त्यांनी न विचारता घेतलं होतं. दोन्ही बाजूंनी नुसती हुशारी वाहत होती.

"एक छोटीशी औपचारिकता आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "आजींची सही."

ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्या कळसाडीला आल्या. घरात खापरावर मांडे भाजणं चाललं होतं. मायने त्यांना आधी पोटभर मांडे आणि आमरस खाऊ घातला. मग कागद मला वाचायला लावला. 'कायमस्वरूपी' या शब्दावर तिने हात वर केला.

"विकाना नही. सालवर ऱ्हाई मन्हा आवाज. आखाजी ते आखाजी."

मॅडमना कळेना. मी सांगितलं, की आमच्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं, सालदाराचं, साल आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. पुन्हा हवा असेल तर मालकाने स्वतः येऊन विचारायचं असतं.

"पण आजी, दर वर्षी कशाला? एकदाच करून टाकू ना."

"दर वरीसले तू ये. मांडा खाय, अनि इचार."

मॅडमनी वर्षाचा आकडा सांगितला. माय लगेच हो म्हणाली. पहिल्याच आकड्याला! माझा जीव तळमळला. "माय, भाव तरी..."

"तू बोलू नको," ती म्हणाली. "तुन्हा सौदा हुई गया."

मग तिने मॅडमना बजावलं, "ती साखरनी पोर काढी टाका. अनि कुकरनी शिट्टी बी ठेवा." कागद बदलला, तिने सावकाश सही केली आणि साक्षीदार म्हणून खाली मला सही करायला लावली. एवढा मोठा व्यवहार केलेला माणूस मी. माझ्या वाट्याला साक्षीदाराची ओळ.

आता दुपारी घरात तिचे दोन-दोन आवाज येतात, एक फोनमधला आणि एक खाटेवरचा. माझी सोंगटी मेली, की दोन्हीकडून घरी बसायला सांगितलं जातं.

पुढची आखाजी आठ दिवसांवर आली आहे. मॅडमचा फोन अजून आलेला नाही. त्या दिवशी कोणी आलं नाही, तर साल संपलं, आवाज मोकळा. नव्या खेळाचं काम माझ्या दोन खोल्यांत अर्धंअधिक झालंय, पण ते मायला सांगितलेलं नाही. ती मात्र रोज विचारते, "त्या पोरीना फोन उना का?" आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघते. कंपनीला तारखेची आठवण करून देणं सल्लागाराचं काम आहे, असं कोणी म्हणेल. माझी दोन वर्षं अजून संपलेली नाहीत, हेही खरं. पण मला कोणी सल्ला विचारलेला नाही.