आकडेवाला

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, आणि आजही विचारायची इच्छा नाही. नुसता आठवला तरी डोकं तापतं.

सदर भागातल्या एका मैदानावर मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती. निवडीसाठी खेळाचे आकडे नोंदवायला हा मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला. बॉल जिकडे जाईल तिकडे त्याची मान वळायची आणि बोट खट्‌कन बटणावर पडायचं. पास, शॉट, टॅकल. चहासुद्धा त्याने बॉलवरची नजर न काढता फुंकून फुंकून प्यायला.

माझी मुलगी गोलकीपर. ती पूर्ण मॅच ओरडत होती, "डाव्या बाजूनं सरक! तिले एकटी सोडू नको वं!" पुढच्या पोरी तिच्या आवाजावर हलत होत्या, म्हणून बॉल गोलपर्यंत पोचतच नव्हता. आणि जिकडे बॉल गेला नाही, तिकडे याची मानही गेली नाही.

एकदाच तो माझ्याकडे वळला. "ताई, ते गोलमधली पोरगी तुमचीच ना? जरा चूप राहाले सांगा तिले. माह्यं ध्यान भटकून राहिलं."

मॅच आम्ही जिंकलो. मग निवडलेल्यांची नावं वाचली, तिचं नव्हतं. मी तणतणत त्याच्यापुढे उभी राहिले. "काहून घेतलं नाही तिले?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "पाहा ना ताई, एकही बॉल अडवला नाही तिनं. मग पूर्ण मॅच केलं काय?"

लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण घसा इतका बसला होता, की नुसती हवा बाहेर आली.