अब्दागिरीचा मान आणि दोन टीव्ही

जगातल्या कुठल्याही राजाला आपल्या घरचं कार्य नीट पार पडलं की नाही हे जाणून घ्यायचं असेल, तर त्याने माझ्या चुलत सासऱ्यांना विचारावं. राजा त्या दिवशी कामात असतो, त्याला सगळं कुठून दिसणार? आमचे काका मात्र सकाळपासून टीव्हीपुढे मांडी घालून बसलेले असतात. राजघराणं कोणतं, देश कोणता, याचा त्यांना विधिनिषेध नाही. लग्न असेल तर ते घरात फेटा बांधून बसतात. विलायतेतली म्हातारी राणी वारली तेव्हा त्यांनी मयत उठेपर्यंत चहा घ्यायचा नाही असं जाहीर केलं होतं, पण ते मयत काही आपल्याकडच्यासारखं त्याच दिवशी उठेना, तेव्हा तिसऱ्या दिवशी काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला आणि विचारलं, "तुमची कोण लागत व्हती वो ती?" काका शांतपणे म्हणाले, "मोठ्या घरचं कार्य हाय. नातं बघायचं नसतं, रीत बघायची असती." आणि चहा घेतला.

मी ढोकीला राहतो आणि उसाच्या वजनकाट्यावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे माणूस बोलतो किती यापेक्षा भरतो किती याकडे माझं लक्ष जास्त असतं. काकांना माझी ही सवय फार आवडते. माकणीजवळच्या त्यांच्या गावी मी गेलो की ते मला दोन्ही चॅनेलांची तुलना करायला बसवतात. त्यांच्या हिशेबी जगात दोनच चॅनेलं आहेत, बडबडं आणि मुकं. बडबड्या चॅनेलवर पाच चौकटींत पाच माणसं एकाच वेळी ओरडतात, खाली लाल पट्टी पळते, वर जाहिरात लोंबते आणि राजा कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा उरतो. त्याच्याभोवतीही लाल गोल काढून त्यावर बाण सोडतात, जणू तो हरवलेला आहे. मुक्या चॅनेलवर उलट. तिथला निवेदक दवाखान्यात भेटायला आल्यासारखा कुजबुजतो, बाकी नुसते घोड्यांच्या टापांचे आवाज. काकांना इंग्रजी येत नाही, म्हणून मुकं चॅनेल त्यांना जास्त विश्वासाचं वाटतं. "ज्याला दाखवायचंय त्यो बोलत न्हाय," असं त्यांचं मत. पण बडबडंही सोडवत नाही, कारण ते बाण दाखवतं.

विलायतेच्या नव्या राजाच्या राज्याभिषेकाला मात्र त्यांनी मला मुद्दाम बोलावणं पाठवलं. तो नुसता बघण्याचा सोहळा नव्हता. काकांचा मान पणाला लागला होता.

त्यांच्या गावात दसऱ्याला देवीची पालखी शिवेपर्यंत जाते. पालखीपुढे अब्दागिरी असते, म्हणजे लांब दांड्यावरचं ते जरीचं पानासारखं छत्र. ती धरण्याचा मान काकांच्या घराकडे. चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालण्याचा मान त्यांच्या चुलतभावाकडे. त्यांना सारा गाव अण्णा म्हणतो. वर्षानुवर्षं अब्दागिरी पुढे आणि काठी मागे असं चालत आलं. मग एका दसऱ्याला काकांचा पाय मुरगळला, अब्दागिरी मंदिरातच राहिली आणि अण्णा काठी घेऊन सर्वांत पुढे चालले. पुढच्या वर्षी त्यांनी मागे जायला नकार दिला. "काठी पुढंच शोभती," म्हणाले. पंचांनी जुना कागद मागितला, तर तो भूकंपात घराबरोबर गेलेला. तेव्हा काकांनी भर बैठकीत सांगितलं की, खऱ्या राजाच्या घरी कसं करतात ते आपण बघू आणि तेच प्रमाण मानू. पंचांनाही ते पटलं. कसं पटलं, हे मला आजतागायत नीट कळलेलं नाही, पण पटलं एवढं खरं.

मी शंका काढली, "काका, त्यांच्याकडे अब्दागिरी कुठे असते?"

"जावईबापू, तिकडं ऊनच न्हाय तर अब्दागिरी काय करायची? तिच्या जागी तलवार. काठी ती काठीच. तलवार पुढं दिसली की आपलं काम झालं."

एका चॅनेलवर विश्वास नको म्हणून त्यांनी शेजाऱ्यांचा टीव्हीही आणून ठेवला होता. डावीकडे बडबडं, उजवीकडे मुकं. मला वही दिली, मी दोन रकाने आखले. दुपारी मिरवणूक सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. उजवीकडे तोफ उडाली की थोड्या वेळाने तीच डावीकडे उडायची. मी घड्याळ लावून पाहिलं, सात सेकंदांचा फरक. काका दोन्हीकडच्या तोफा मोजत होते. "लई तोफा उडवायला लागलेत," ते काळजीने म्हणाले, "दारू पुरंल का?" मग एकाच राजाला डावीकडे गाडीत बसलेला आणि उजवीकडे पायऱ्या चढताना पाहून ते मला हळूच म्हणाले, "ह्यो दोनदा चालला का वो?"

तलवारीचं तर काही विचारू नका. उजवीकडे कॅमेरा चर्चच्या छतावर होता, तिथून सगळे डोक्यांचे ठिपके. डावीकडे तलवार पुढे दिसली म्हणून काकांनी मांडीवर थाप मारली, तेवढ्यात जाहिरात लागली, आणि ती संपल्यावर काठीवाले पुढे! मग लक्षात आलं की ते मघाचं दृश्य परत दाखवत होते, पण तसं लिहिलेलं नेमकं लाल पट्टीखाली झाकलं गेलं होतं. आत जाताना जे पुढे तेच बाहेर येताना मागे झाले की काय, तेही कळेना. राजाच्या अंगावर दरवेळी निराळा झगा, म्हणून माणूस तोच की दुसरा याची मला आणखी शंका. संध्याकाळी मी वही मिटली तेव्हा हिशेब असा होता: तलवार पुढे चार वेळा, काठी पुढे तीन वेळा, दोन्ही बरोबरीने दोन वेळा, आणि पाच वेळा बाणाखाली नुसतं घोड्याचं ढुंगण.

"चार म्हंजे आपलंच की!" काका म्हणाले.

"काका, त्या चारांतले दोन तरी परत दाखवलेले आहेत."

"ते बैठकीत सांगायची काय गरज न्हाय."

पण मंदिरातल्या बैठकीत पंच मलाच म्हणाले, "जावई, तुम्ही काट्यावरची माणसं. खरं वजन सांगा." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली आणि घोड्यासकट सगळं वाचून दाखवलं. एकच हशा पिकला. अण्णा म्हणाले, "बघा, राजाच्या घरात बी एकमत न्हाय! मग आमीच एकटे भांडकुदळ कसे?" शेवटी पंचांनी तोड काढली: यंदा अब्दागिरी पुढे, पुढल्या साली काठी पुढे, असं आलटूनपालटून. तेव्हापासून काका माझ्याशी बोलेनासे झाले. काकू फोनवर सांगायच्या, "तुमचं नाव काढलं की बडबडं चॅनेल लावत्यात."

दसरा आला. आता दोन्ही घरांना पुरावा हवा होता. काकांनी लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक माणूस ठरवला, अण्णांनी मोबाइलच्या दुकानदाराला. त्याचं स्वतःचं चॅनेल होतं. विलायतेत जे घडलं तेच आमच्या गावात घडलं. काकांच्या माणसाने पालखीपुढे उलटं चालत समोरून चित्रण केलं. त्यात काका असे ताठ की छातीवर अब्दागिरी उगवल्यासारखी वाटावी, आणि अण्णा कुठेही नाहीत. वर आवाज, "अग्रभागी मानाची अब्दागिरी!" दुकानदाराने सगळं मागून काढलं, त्यात अण्णा मोठे, काका पुढे काडीएवढे, आणि निवेदन असं, "चांदीच्या काठीच्या देखरेखीखाली निघालेली अब्दागिरी!" ते ऐकून काकांनी अबोला मोडला आणि मला बोलावून घेतलं. "देखरेख म्हणतो व्हय त्यो! बघा तुम्हीच, किती खोटं हाय ते लिहून काढा."

मी फोनवर ते मागून काढलेलं चित्रण पहिल्यापासून लावलं. काका शेजारी बसून चुका सांगत होते. वेशीजवळ उतार आहे, तिथपर्यंत पालखी आली. त्या उताराला वारा होता. समोरच्या चित्रणात तिथे नुसता काकांचा चेहरा जवळून घेतलेला होता, तसाच ताठ. मागून मात्र दिसलं की अब्दागिरी एकदम डावीकडे कलली, काकांचे खांदे हलले, आणि अण्णांनी काठी बगलेत मारून दोन पावलं पुढे टाकली आणि दांड्याला खालून हात लावला. ना काही बोलणं, ना इकडेतिकडे बघणं. उतार संपेपर्यंत तो हात तिथेच होता. मग अण्णा दोन पावलं मागे आले आणि काठी पुन्हा हातात घेतली.

"परत लावा," काका म्हणाले.

मी परत लावलं. मग पुन्हा. पाचव्यांदा त्यांनी फोन स्वतःच हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मला वाटलं, वारा पडला," ते म्हणाले.

मी वहीत काय लिहावं ते मला कळेना. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, आणि समोरून काढलेल्यातही नव्हतं.

"जावईबापू," काका म्हणाले, "पुढल्या साली अण्णा पुढं. त्याला मागचं काय दिसणार? मग त्या उताराला दांड्याला हात कोण लावंल?"

त्यांनी मला अण्णांचा नंबर लावून द्यायला सांगितला. तो त्यांच्या फोनमध्ये नव्हताच, काकूंच्या फोनमध्ये निघाला. पलीकडून अण्णांचा "कोण?" असा आवाज आला. काकांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. पलीकडून पुन्हा "कोण हाय?" आलं, तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"अण्णा, म्या हाय," ते म्हणाले. "काय न्हाय. च्या झाला का?"