व्याह्यांच्या दारात न निघालेला बूट

मुलाने स्वतःच मुलगी पसंत केली, तिनेही त्याला पसंत केलं. आमच्यासाठी एवढंच काम शिल्लक ठेवलं होतं, की मे महिन्यातल्या एका दुपारी अक्कलकोटला तिच्या घरी जाऊन मान डोलवायची. त्यासाठी माझी मान पुरेशी होती. पण बायकोचं लक्ष पायांकडे गेलं.

"अहो, या चपला घालून येणार?"

सोलापुरात मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं ते चपला घालूनच. त्यामुळे कुणाचं गणित कच्चं राहिल्याचं ऐकलं नाही. पण मुलाने आईची बाजू घेतली. "बाबा, उन्हाळ्याचे वेगळे बूट मिळतात आता. मोजेसुद्धा लागत नाहीत."

आम्ही शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने एसीखाली उभं राहून मला उन्हाळा समजावून सांगितला. मग मऊ, तपकिरी लोफर पुढे ठेवले. "सर, यात पाय श्वास घेतो."

साठ वर्षं माझा पाय श्वासाशिवाय जगला होता, याची मला कल्पनाच नव्हती.

"अंगठ्याला लागतंय," मी म्हणालो.

"नवीन आहे ना सर. सैल होईल."

बायकोला रंग आवडला, मुलाला आकार आवडला. बूट मला घालायचे असल्यामुळे माझं मत बिल झाल्यावर विचारण्यात आलं.

ठरल्या दिवशी आम्ही भर दुपारी निघालो, कारण मुहूर्त काढणाऱ्याला कुठे जायचं नसतं. वळसंग मागे पडेपर्यंत माझे पाय फुगून बुटांत गच्च बसले होते. श्वास घेत असतीलच, पण मला ऐकू येत नव्हता.

दारात मुलीचे वडील पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन उभे होते. शेतकरी माणूस, पांढरा शर्ट, तोंडभर हसू आणि स्वागत कानडीतून. "बर्री, बर्री! या की आत. लई ऊन हाय. पाय धुवून घ्या आदी."

मुलाने पाय धुतले, बायकोने धुतले. मी बूट काढायला वाकलो. डावा निघाला. उजवा निघेना. मी ओढला, मुलाने ओढला. मुलीचे वडील चक्क खाली बसले आणि टाच धरून ओढू लागले.

"अहो, तुम्ही नका!" मी ओशाळून म्हणालो. मुलाचा बाप म्हणून जरा रुबाबात बसायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. आता एका पायावर उभा राहून मी त्यांच्याच खांद्याला धरलं होतं.

"राहू द्या हो," ते म्हणाले, "बैलाच्या खुरात रुतलेला खडा काढलाय मी. ह्ये काय हाय!"

बैलाची बरोबरी बायकोला फार पटलेली दिसली.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. दातांची डॉक्टर आहे ती. तिने परिस्थिती पाहिली, आत जाऊन खोबरेल तेल आणि चमचा आणला. "काका, बसा. ओढू नका कुणी." टाचेपाशी तेल सोडलं, चमच्याचं मागचं टोक आत सरकवलं. "जरासं दुखेल हं," ती म्हणाली आणि माझा विचार पूर्ण व्हायच्या आत बूट तिच्या हातात आला.

पाय तपकिरी झाला होता. बुटाचा सगळा रंग उतरून कातडीवर बसला होता. मुलीच्या वडिलांनी पाणी ओतलं, तर खाली चहा वाहिला. ते फिस्सकन हसले. मग मीही हसलो. रुबाबाचं तसंही काही उरलं नव्हतं.

बैठकीत मला बादलीत पाय सोडून बसवलं. तशा अवस्थेत हुंड्याबिंड्याचा विषय काढण्याची कुणाची इच्छा असती तरी हिंमत झाली नसती. सुदैवाने आमची नव्हतीच. लग्न कधी, एवढाच प्रश्न उरला.

"हाच महिना धरू की," मुलीचे वडील म्हणाले. "शेतात कामं न्हाईत."

"डिसेंबर," मी म्हणालो.

सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं. बायकोने, मुलाने, व्याह्यांनी, कुणीच हरकत घेतली नाही. घरच्या कार्यात माझं म्हणणं पहिल्याच फटक्यात मान्य झालं, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मुलीने टॉवेल पुढे केला आणि तिच्या आईने पेढे आणले.